‘लाइन १ कॉलम १’: जेसन पार्स होत नाही तेव्हा काय करायचं

प्रोग्रॅम कालपर्यंत नीट चालत होता. आज चालवला आणि पडद्यावर आलं: ‘एक्सपेक्टिंग व्हॅल्यू: लाइन १ कॉलम १’. तुम्ही फाइल उघडता, पहिल्या ओळीतलं पहिलं अक्षर बघता. तिथं महिरपी कंस आहे, जिथं असायला हवा तिथंच. फाइल बंद करून पुन्हा चालवता. तीच एरर. मग वैतागून त्या ओळीभोवती ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ लावता, आत ‘पास’, म्हणजे ‘काहीच करू नको’, असं लिहिता, आणि एरर दिसेनाशी होते.

ही शेवटची पायरी जवळजवळ प्रत्येक नवखा चढतो. मीही चढलो होतो, आणि त्याची किंमत काय पडली ते पुढे सांगतोच. आधी एरर वाचायची कशी, शोधायची कुठे आणि पकडायची कुठे, हे क्रमानं पाहू.

उदाहरणं पायथनच्या अंगभूत जेसन लायब्ररीची घेतोय, कारण शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांची पहिली गाठ तिच्याशी पडते. जावास्क्रिप्ट, गो, रस्ट किंवा जावा वापरत असाल तर नावं बदलतील, विचार तोच राहील.

शब्दांबद्दल थोडं. जेसन म्हणजे डेटा कंस, अवतरणचिन्हं आणि स्वल्पविराम वापरून साध्या मजकुरात लिहायची ठरलेली पद्धत. मेमरीतली यादी किंवा डिक्शनरी मजकुरात उतरवणं म्हणजे सिरिअलायझेशन. त्या मजकुरातून पुन्हा यादी किंवा डिक्शनरी उभी करताना मजकूर अक्षर अक्षर वाचून त्याची रचना ओळखावी लागते, ते पार्सिंग. पायथनमध्ये पहिलं काम ‘डम्प्स’ करतं, दुसरं ‘लोड्स’. (शेवटी ‘स’ नसलेली ‘डम्प’ आणि ‘लोड’ ही त्यांची भावंडं थेट फाइलशी बोलतात. या एका अक्षरानं पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच फसवलेलं असतं.)

पायरी १: संदेश शेवटपर्यंत वाचा

पायथन ३.५ पासून जेसन वाचताना बिघडलं की जेसन-डिकोड-एरर येते. ती व्हॅल्यू-एररचीच पोटजात आहे. तिच्या पोटात पाच गोष्टी असतात: नेमकं काय बिघडलं तो संदेश, ओळ क्रमांक, कॉलम क्रमांक, मजकुराच्या सुरुवातीपासूनचं स्थान, आणि जो मजकूर वाचायचा प्रयत्न झाला तो अख्खा मजकूर. ओळ आणि कॉलम १ पासून मोजतात, स्थान मात्र ० पासून. त्यामुळे ‘कॉलम १’ आणि ‘स्थान ०’ एकाच जागेबद्दल बोलत असतात.

या पाचांतली शेवटची गोष्ट नवख्यांना माहीतच नसते, आणि तीच सगळ्यात उपयोगी आहे. पार्सरच्या हाती काय पडलं होतं याचा तो पुरावा आहे. तुम्हाला जे पडलं असावं असं वाटतं, ते वेगळं.

मराठी मजकूर असेल तर कॉलमच्या आकड्याबाबत एक गंमत लक्षात ठेवा. आपल्या डोळ्याला ‘क्षि’ हे एक अक्षर दिसतं. युनिकोडच्या हिशेबात ती चार चिन्हं आहेत: क, हलन्त, ष आणि वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे चिन्हं बाइटमध्ये उतरवण्याच्या एका पद्धतीत, साठवली की देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे एकूण १२ बाइट. पायथन चिन्हं मोजतो. गो भाषेची जेसन लायब्ररी बाइट मोजून स्थान सांगते. आणि तुमचा एडिटर कदाचित डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजत असेल. तेव्हा ‘कॉलम ४७’ म्हटल्यावर बोटानं ४७ अक्षरं मोजत बसू नका. स्थानाचा आकडा घ्या आणि त्या जागेचा तुकडा प्रोग्रॅमकडूनच कापून घ्या. कसा, ते तिसऱ्या पायरीत.

पायरी २: चूक सांगितलेल्या जागेच्या मागे शोधा

पार्सर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि जिथं पुढे जाणं अशक्य होतं तिथं थांबतो. ती थांबण्याची जागा तो कळवतो. चूक बहुतेक वेळा त्याआधीच झालेली असते. हे पाहा:

{
  "शीर्षक": "पहिला धडा"
  "लेखक": "अज्ञात"
}

दुसऱ्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम राहिलाय. एरर मात्र तिसऱ्या ओळीकडे बोट दाखवते, कारण दुसरी ओळ संपेपर्यंत पार्सरची काहीच तक्रार नव्हती. तिथं महिरपी कंस बंद झाला असता तरी त्याला चाललं असतं. तिसऱ्या ओळीत अवतरणचिन्ह दिसलं तेव्हा तो म्हणाला, ‘एक्सपेक्टिंग कॉमा डेलिमिटर’. नवखा तिसरी ओळ दहा वेळा वाचतो आणि तिच्यात काहीच सापडत नाही.

संदेशाचा शब्दशः अर्थ आणि खरं कारण यांत असं अंतर नेहमीच पडतं. वारंवार भेटणाऱ्या काही जोड्या सांगतो.

‘एक्सपेक्टिंग कॉमा डेलिमिटर’ आलं की तीन शक्यता तपासा. स्वल्पविराम राहिला असेल, हे एक. दुसरं, मजकुराच्या आत अवतरणचिन्ह आलं असेल आणि त्याच्या आधी बॅकस्लॅश नसेल. कुणी संवाद लिहिला, "तो म्हणाला "ये"" असा, तर पार्सरच्या दृष्टीनं मजकूर ‘म्हणाला’च्या पुढेच संपला. तिसरी शक्यता अनपेक्षित आहे: शून्यानं सुरू होणारा आकडा. जेसनमध्ये ००७ असा आकडा चालत नाही. पार्सर पहिलं शून्य हा पूर्ण आकडा समजतो आणि पुढे स्वल्पविरामाची वाट पाहतो. फोन क्रमांक, रोल नंबर, पिनकोड हे अवतरणचिन्हांत ठेवायचे ते यासाठीच.

‘एक्सपेक्टिंग प्रॉपर्टी नेम एन्क्लोज्ड इन डबल कोट्स’ म्हणजे एक तर शेवटच्या जोडीनंतर फालतू स्वल्पविराम आहे, किंवा एकेरी अवतरणचिन्हं वापरली आहेत. पहिल्या प्रकारासाठी पायथन ३.१३ पासून वेगळा आणि स्पष्ट संदेश मिळतो. दुसऱ्या प्रकाराचं मूळ बहुधा एकच: कुणीतरी डिक्शनरी ‘डम्प्स’नं न लिहिता ‘प्रिंट’ करून किंवा ‘एसटीआर’मधून काढून फाइलमध्ये टाकली. पायथनची डिक्शनरी आणि जेसन दिसायला मावसभावंडं आहेत, पण पायथनच्या छापील रूपात एकेरी अवतरणचिन्हं येतात, ‘ट्रू’चं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं असतं आणि ‘नल’च्या जागी ‘नन’ असतं. यातलं जेसनला काहीच कळत नाही. अशा वेळी एकेरी चिन्हांच्या जागी दुहेरी घालणारं ‘रिप्लेस’ लिहायचा मोह होतो. आवरा. मजकुरात कुठं तरी ॲपॉस्ट्रॉफी असतेच आणि त्या दिवशी सगळं पुन्हा फुटतं. लिहिणारी बाजू दुरुस्त करा.

‘इनव्हॅलिड कंट्रोल कॅरेक्टर’ दिसलं तर बंद करणारं अवतरणचिन्ह विसरलंय का ते आधी पाहा. जेसनच्या मजकुरात ओळ मोडायला परवानगी नाही. बंद चिन्ह नसेल तर पार्सर ओळीच्या टोकापर्यंत जातो आणि तिथलं नव्या ओळीचं चिन्ह पाहून अडखळतो. दोन्ही अवतरणचिन्हं जागेवर असतील, तर मजकुरातच कुणीतरी एंटर किंवा टॅब दाबून ठेवलेला असतो.

‘एक्स्ट्रा डेटा’ ही खरं तर बरी बातमी. एक पूर्ण, वैध जेसन वाचून झालं आणि त्यापुढे आणखी काहीतरी उरलंय, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक वेळा फाइलमध्ये दर ओळीला एक असे अनेक जेसन असतात. तिच्याबद्दल सहाव्या पायरीत बोलू.

आणि सुरुवातीचं ‘लाइन १ कॉलम १’? त्यासाठी पुढची पायरी.

पायरी ३: हाती आलेला मजकूर ‘रेप्र’मधून छापा

पहिल्याच अक्षराला एरर येते तेव्हा व्याकरण तपासण्यात अर्थ नसतो. जेसन आलेलंच नाही, दुसरंच काहीतरी आलंय. ते काय आहे हे बघायला एरर पकडून तिच्यातल्या मजकुराचे पहिले शंभरेक वर्ण ‘रेप्र’ फंक्शनमधून छापा. साधं ‘प्रिंट’ पुरत नाही, कारण अदृश्य वर्ण ते अदृश्यच ठेवतं. ‘रेप्र’ त्यांचे सांकेतिक आकडे उघडे करतं.

काय दिसलं त्यावरून निदान होतं.

दोन अवतरणचिन्हं आणि मध्ये काहीच नाही: रिकामा मजकूर. फाइल लिहिली जात असतानाच तुम्ही ती वाचली, किंवा सर्व्हरनं २०४ क्रमांकाचं, म्हणजे ‘मजकूर नाही’ असं उत्तर दिलं, किंवा तुम्हीच ती फाइल आधी एकदा शेवटपर्यंत वाचून बसलात. या शेवटच्या प्रकारात लोकांचे तास जातात. तपासणीसाठी म्हणून ‘रीड’ करून फाइल छापायची, आणि पुढच्याच ओळीत तिच्यावर ‘लोड’ चालवायचं. वाचनाची खूण आता फाइलच्या शेवटाला आहे, त्यामुळे ‘लोड’च्या वाट्याला शून्य अक्षरं येतात. सुरुवातीच्या प्रसंगात फाइल उघडून पाहिली तेव्हा महिरपी कंस जागेवर दिसला, त्याचं कारण हेच असू शकतं. फाइल ठीक होती. पार्सरला ती मिळालीच नाही.

सुरुवातीला ‘पेक्षा लहान’चं चिन्ह, <, दिसलं: तुम्हाला एचटीएमएलचं पान मिळालंय. लॉगिन संपलंय, पत्ता चुकलाय किंवा मधल्या एखाद्या सर्व्हरनं आपलं एररचं पान पाठवलंय. अशा पानाबरोबर कधी कधी २०० हा ‘सगळं ठीक’ असा क्रमांकही येतो. म्हणून जाळ्यावरून आलेलं उत्तर पार्स करण्याआधी स्टेटस क्रमांक तपासावा आणि कंटेंट-टाइप ‘ॲप्लिकेशन/जेसन’ आहे का तेही पाहावं.

सुरुवातीला बॉम दिसला: बॉम म्हणजे बाइट ऑर्डर मार्क, यूटीएफ-८ मध्ये तीन अदृश्य बाइट. काही एडिटर आणि स्प्रेडशीट प्रोग्रॅम फाइल जतन करताना तो सुरुवातीला चिकटवतात. इथं पायथन उदार आहे. बॉम सापडला हे तो सांगतोच, शिवाय ‘यूटीएफ-८-सिग’ वापरा असा उपायही संदेशातच देतो. फाइल उघडताना एन्कोडिंग तेवढं द्या.

मध्येच एखादी विचित्र मोकळी जागा दिसली: जेसनला चार प्रकारचीच मोकळी जागा मान्य आहे. स्पेस, टॅब आणि ओळ बदलण्याची दोन चिन्हं. वेबपानावरून नमुना कॉपी केला की बरेचदा नॉन-ब्रेकिंग स्पेस सोबत येते. डोळ्याला फरक शून्य, पार्सरला मात्र ती दगडासारखी लागते. त्याच वाटेनं वर्ड प्रोसेसरची वळणदार अवतरणचिन्हंही घुसतात.

एरर मधल्याच एखाद्या जागी असेल तर स्थानाचा आकडा घेऊन त्याच्या आधीचे तीस आणि नंतरचे तीस वर्ण कापा आणि ‘रेप्र’मधून छापा. स्थान तीसपेक्षा लहान असेल तर उणे आकडा तयार होईल आणि पायथन तो शेवटाकडून मोजेल, म्हणून शून्य आणि तो आकडा यांतला मोठा घ्या. हे चार ओळींचं फंक्शन एकदा लिहून ठेवलं की वर्षानुवर्षं पुरतं.

पायरी ४: चूक कोणत्या गटातली, ते ठरवा

रस्ट भाषेत सर्दे नावाची सिरिअलायझेशनची चौकट आहे आणि तिच्या जोडीची सर्दे-जेसन ही लायब्ररी. ती प्रत्येक एररला चारपैकी एका गटात टाकते: वाचताना आलेली अडचण, व्याकरणाची चूक, अपेक्षित आकाराचा नसलेला डेटा, आणि अवेळी संपलेला मजकूर. तुम्ही रस्ट कधीच लिहिणार नसाल तरी ही वाटणी डोक्यात बसवून घ्या, कारण प्रत्येक गटावरचा उपाय वेगळा आहे.

वाचताना अडचण आली, म्हणजे फाइल नाही, परवानगी नाही किंवा जोडणी तुटली, तर ते पार्सिंगचं दुखणंच नाही. थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करणं इथं योग्य असू शकतं.

मजकूर अवेळी संपला, म्हणजे कंस बंद व्हायच्या आत अक्षरं संपली, तर लिहिणारा मध्येच थांबलाय किंवा डाउनलोड अर्धवट झालंय. इथंही पुन्हा मागवण्यात अर्थ आहे. पायथन हा गट वेगळा दाखवत नाही, पण एररचं स्थान मजकुराच्या लांबीला येऊन टेकलं असेल तर तीच शंका घ्यावी. मजकूर अवतरणचिन्हांच्या आत तुटला असेल तर मात्र पायथन ते अवतरण जिथं सुरू झालं ती जागा सांगतो, शेवट सांगत नाही.

व्याकरणाची चूक असेल तर पुन्हा प्रयत्न करणं व्यर्थ. तीच फाइल शंभर वेळा वाचली तरी स्वल्पविराम उगवणार नाही. तरीही कुठल्याही एररवर डोळे मिटून पाच वेळा प्रयत्न करणारा कोड मी कितीतरी ठिकाणी पाहिलाय. त्यानं फक्त बिघाड कळायला उशीर होतो.

आकार चुकीचा, हा चौथा गट. जेसन वैध आहे, पण जिथं यादी हवी तिथं डिक्शनरी आली किंवा हवी ती ‘की’ (जोडीतलं नाव, जसं वरच्या उदाहरणात ‘शीर्षक’) नाहीच. जावाची जॅक्सन लायब्ररी याला वेगळी एक्सेप्शन देते. इतकंच काय, अनोळखी की दिसली तरी जॅक्सनची दुसरी आवृत्ती मूळ सेटिंगमध्ये अडून बसते. पायथनची अंगभूत लायब्ररी मात्र आकार तपासतच नाही. ती ‘लोड्स’मधून खुशाल पुढे सोडते आणि बिघाड शंभर ओळींनंतर की-एरर किंवा टाइप-एरर म्हणून उगवतो. त्यामुळे पायथनमध्ये हा पहारा आपणच बसवायचा: पार्स झाल्याबरोबर, त्याच फंक्शनमध्ये, सगळ्यात बाहेरची वस्तू डिक्शनरी आहे का आणि आवश्यक की आहेत का ते तपासा.

इथं मराठी की वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचा अदृश्य वर्ण. दिसायला दोन्ही सारखेच. पार्सरला दोन्ही मान्य. पण डिक्शनरीच्या लेखी त्या दोन वेगळ्या की आहेत, आणि युनिकोड नॉर्मलायझेशन केल्यानंही त्यांची एक होत नाही. मूल्यं खुशाल मराठीत ठेवा. की मात्र रोमन लिपीतच ठेवलेल्या बऱ्या, असं माझं मत.

पायरी ५: पकडायचं कुठं आणि किती

आता ते ‘पास’.

मी एका कामात रोज रात्री येणाऱ्या फाइली वाचून त्यांतल्या नोंदी साठवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. एके दिवशी एक फाइल अर्धवट आली, प्रोग्रॅम कोसळला, आणि मी फाइल वाचणाऱ्या अख्ख्या भागाभोवती ‘ट्राय’ लावून ‘एक्सेप्ट’मध्ये ‘पास’ टाकलं. कोसळणं थांबलं. पुढे कधीतरी पाठवणाऱ्या बाजूनं फाइली बॉमसकट जतन करायला सुरुवात केली. त्या क्षणापासून एकही नोंद साठवली जाईना, आणि प्रोग्रॅम रोज रात्री ‘यशस्वी’ होत राहिला. कळलं तेव्हा अहवालातले आकडे कित्येक दिवस जागचे हललेले नव्हते. बॉमची दुरुस्ती एका शब्दाची होती. मधल्या दिवसांच्या फाइली पुन्हा गोळा करण्यात मात्र आठवडा गेला.

त्यातून ठरवलेली पद्धत अशी.

‘ट्राय’च्या आत एकच ओळ ठेवा, ‘लोड्स’ची. फाइल उघडणं, नोंद साठवणं, हिशेब करणं हे सगळं बाहेर. आत जितक्या जास्त ओळी, तितकी भलत्याच चुकीला पार्सिंग एरर समजण्याची शक्यता जास्त.

‘एक्सेप्ट’ला नाव द्या. उघडं ‘एक्सेप्ट’ कीबोर्डवरून प्रोग्रॅम थांबवण्याची आज्ञाही गिळून टाकतं. जेसन-डिकोड-एरर पकडा. पण एवढ्यानं सगळं भागत नाही, कारण ‘लोड्स’मधून आणखीही काही निसटतं. त्याला ‘नन’ दिलं तर टाइप-एरर येते. बाइट दिले आणि ते यूटीएफमध्ये बसत नसतील तर युनिकोड-डिकोड-एरर येते. कंसात कंस असे हजारो थर असतील तर रिकर्शन-एरर येऊ शकते, आणि तिचा व्हॅल्यू-एररशी काही संबंध नाही. पायथन ३.११ पासून ४३०० अंकांपेक्षा लांब पूर्णांक आला तर साधी व्हॅल्यू-एरर येते, जेसन-डिकोड-एरर नव्हे. बाहेरच्या, अनोळखी लोकांकडून डेटा घेत असाल तर व्हॅल्यू-एरर आणि रिकर्शन-एरर दोन्ही पकडा आणि मजकुराच्या लांबीवर आधीच मर्यादा घाला. टाइप-एरर मात्र पकडू नका. तिथं चूक डेटाची नसते, तुमची असते.

पकडल्यावर माहिती जोडून पुन्हा फेका. मूळ एररला ओळ आणि कॉलम ठाऊक असतात, पण फाइलचं नाव ठाऊक नसतं, कारण ‘लोड्स’ला फक्त मजकूर मिळालेला असतो. फाइलचं नाव, पत्ता किंवा नोंद क्रमांक जिथं हाताशी आहे तीच एरर पकडायची खरी जागा. स्वतःची एक छोटी एक्सेप्शन बनवा, तिच्यात फाइलचं नाव आणि मूळ संदेश घाला, आणि ‘रेझ’ करताना ‘फ्रॉम’ लिहून मूळ एरर मागे जोडलेली ठेवा. मग ट्रेसबॅकमध्ये, म्हणजे एररबरोबर छापल्या जाणाऱ्या मागोव्यात, दोन्ही दिसतात.

लॉगमध्ये काय लिहायचं याचंही भान हवं. एररच्या पोटात अख्खा मजकूर असतो हे वर म्हटलंच. तो उत्साहानं लॉगमध्ये ओतला तर त्यात कुणाचा पासवर्ड किंवा टोकनही जाईल. तीस-तीस वर्णांचा तुकडा, एकूण लांबी आणि फाइलचं नाव एवढं सहसा पुरतं. संवेदनशील डेटा असेल तर तुकडाही नको, स्थान आणि लांबीच लिहा.

पायरी ६: हजारात एक खराब

एकाच मोठ्या यादीत हजार नोंदी असतील आणि एका नोंदीत स्वल्पविराम चुकला, तर हजारच्या हजार जातात. जेसनचं व्याकरण ‘बाकीचं ठीक आहे’ असं मानत नाही. म्हणून सतत वाढत जाणाऱ्या डेटासाठी लोक दर ओळीला एक स्वतंत्र जेसन लिहितात. त्याला जेसन लाइन्स म्हणतात. अशी फाइल ‘लोड’नं एकदम वाचायला गेलात की ‘एक्स्ट्रा डेटा’ हा संदेश येतो. ती ओळीओळीनं वाचायची, प्रत्येक ओळ वेगळी पार्स करायची आणि रिकाम्या ओळी सोडून द्यायच्या.

खराब ओळ सापडली की ती फेकू नका. वेगळ्या फाइलमध्ये जशीच्या तशी ठेवा, सोबत मूळ फाइलचं नाव, ओळ क्रमांक आणि संदेश. एक मोजणीही ठेवा. खराब ओळींचं प्रमाण ठरावीक मर्यादेपुढे गेलं तर सरळ थांबा. माझ्या त्या कामात ही एवढी मोजणी असती तर पहिल्याच रात्री प्रोग्रॅम ओरडला असता. मर्यादा किती ठेवायची हे डेटावर अवलंबून आहे. हिशेबाच्या नोंदी असतील तर शून्य. कुणी कोणतं बटण दाबलं अशा नोंदी असतील तर थोडी ढिलाई चालते.

पायरी ७: एरर न येणाऱ्या चुका

पार्सर बोलला नाही म्हणजे सगळं ठीक असं नाही. जेसनचं सध्याचं इंटरनेट मानक, २०१७ सालचं आरएफसी ८२५९, काही बाबतींत मोघम आहे. एकाच वस्तूत, म्हणजे महिरपी कंसांच्या एका जोडीत, तीच की दोनदा आली तर? ‘तशी नसावी’ एवढंच मानक म्हणतं. पायथन मुकाट्यानं शेवटचं मूल्य ठेवतो. हे पकडायचं असेल तर ‘ऑब्जेक्ट पेअर्स हुक’ नावाचा पर्याय आहे. त्यात प्रत्येक वस्तूच्या जोड्या यादी म्हणून तुमच्या फंक्शनकडे येतात, तिथं की पुन्हा आली तर एरर फेका. हातानं लिहिलेल्या सेटिंगच्या फाइलींसाठी मी हे नेहमी लावतो.

‘नॅन’ (आकडा नसलेलं मूल्य) आणि ‘इन्फिनिटी’ (अनंत) मानकात नाहीत, तरी पायथन ते वाचतो आणि लिहितोसुद्धा. मग तीच फाइल जावास्क्रिप्टकडे गेली की तिथं फुटते. वाचताना ‘पार्स कॉन्स्टंट’ आणि लिहिताना ‘अलाउ नॅन’ या पर्यायांनी दार बंद करता येतं. मोठ्या पूर्णांकांचं दुखणं याच्या उलट: पायथनला ते बिनचूक कळतात, पण जावास्क्रिप्टचा साधा आकडा ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक अचूक धरू शकत नाही. एररही येत नाही, शेवटचे अंक गुपचूप बदलतात. मोठे ओळख क्रमांक अवतरणचिन्हांत पाठवा.

जाता जाता आपल्या अंकांबद्दल. जेसनला आकडा म्हणून फक्त इंग्रजी अंक (0 ते 9) चालतात. देवनागरी ३५ अवतरणचिन्हांविना लिहिलात तर पार्सर अडतो. तेच अवतरणचिन्हांत लिहून नंतर पायथनच्या ‘इंट’ला दिलं, तर तो त्याचा पस्तीस करून देतो. आणि मराठी मजकूर लिहिल्यावर फाइलमध्ये बॅकस्लॅश आणि आकड्यांची रांग दिसली तर घाबरू नका. ‘एन्शुअर ॲस्की’ हा पर्याय मुळात चालू असतो, त्याचा तो परिणाम. वाचताना मजकूर जसाच्या तसा परत येतो. डोळ्यांनी वाचता यावा असं वाटत असेल तर तो पर्याय बंद करा, आणि फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं स्पष्ट लिहा.

पायरी ८: लिहिणारी बाजू तुमची असेल तर

अर्धवट फाइल ही बहुतेक वेळा लिहिणाऱ्याची देणगी असते. फाइल लिहिण्यासाठी उघडल्याक्षणी ती रिकामी होते. ‘डम्प’ मध्येच फुटलं, किंवा त्याच वेळी दुसऱ्या प्रोग्रॅमनं ती वाचली, तर मिळतं ते अर्धं जेसन. उपाय जुना आणि भरवशाचा आहे: त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावानं पूर्ण फाइल लिहा, बंद करा आणि मग ‘ओएस’ मॉड्यूलमधल्या ‘रिप्लेस’नं तिला खरं नाव द्या. वाचणाऱ्याला एक तर जुनी पूर्ण फाइल मिळते किंवा नवी पूर्ण फाइल. फोल्डर तेच हवं, कारण वेगळ्या डिस्कवर हे नामांतर फसू शकतं.

पायरी ९: मुद्दाम मोडून पाहा

वर लिहिलेला सगळा पहारा खरंच जागा आहे का, हे खराब डेटा दिल्याशिवाय कळत नाही. चाचणीसाठी एक फोल्डर करा आणि त्यात भेटलेली प्रत्येक खराब फाइल टाकत जा: रिकामी, बॉमवाली, एचटीएमएलवाली, एकेरी अवतरणचिन्हांची, कंसात कंस अशा लाखो थरांची. प्रत्येकीला तुमची एक्सेप्शन येते का आणि तिच्यात फाइलचं नाव आहे का, एवढं तपासा.

याशिवाय एक चाचणी मला फार आवडते. एक चांगलं जेसन घ्या, ज्यात सगळ्यात बाहेर महिरपी किंवा चौकोनी कंस आहे. त्याचं पहिलं एक अक्षर, पहिली दोन, पहिली तीन, असे शेवटाच्या एक अक्षर अलीकडेपर्यंतचे सगळे तुकडे तुमच्या फंक्शनला द्या. प्रत्येक तुकड्याला एरर आलीच पाहिजे, कारण बाहेरचा कंस शेवटच्या अक्षराशिवाय बंद होत नाही. बाहेर नुसता आकडा असता तर ही हमी नसती: १२३ चा १२ हा तुकडाही वैध जेसनच आहे, त्यामुळे अर्धवट मजकूर पूर्ण म्हणून खपून जातो. बाहेर कायम वस्तू किंवा यादी ठेवण्यामागे हेही एक कारण. आणि ही चाचणी पहिल्यांदा चालवाल तेव्हा शेवटचा एक तुकडा एरर न देता निघून जाण्याची दाट शक्यता आहे. फाइलच्या टोकाला नव्या ओळीचं चिन्ह असतं, ते आधी कापून टाका.